बेदाणा शेडच्या कामावरचं वेल्डिंग जनरेटर: दुरुस्तीच्या नोंदी

4 डिसेंबर

तासगाव तालुक्यातलं बेदाणा शेडचं काम घेतलंय. जुने रॅक काढून नवे उभे करायचे, मधल्या दोन ओळींचे अँगल बदलायचे, छताच्या पाइपांना जोड द्यायचे. फेब्रुवारीत द्राक्षं उतरायला लागतात, त्याआधी शेड मोकळं करून द्यायचं. अडचण विजेची. शेडवर सिंगल फेज आहे, त्यावर दिवा आणि मोबाइल चालतो. शेतीचा थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, ठरलेल्या तासांपुरता. रात्री दोनला उठून टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारायला कोण जाणार?

म्हणून इंजिनवरचं वेल्डिंग मशीन जुन्यात घेतलं. दोन सिलिंडरचं हवेवर थंड होणारं पेट्रोल इंजिन, चावीचा स्टार्ट, पाइपच्या सांगाड्यावर बसवलेलं. पाटीवरचं नाव घासून गेलंय, पण आकडे वाचता येतात: 200 अँपिअर डीसी (एकाच दिशेचा करंट), ड्युटी (दहा मिनिटांतला आर्क चालवायचा वेळ) 60 टक्के, मोकळा व्होल्टेज (आर्क नसतानाचा) 72, शिवाय 230 व्होल्टचे दोन सॉकेट, 50 हर्ट्झ, 3000 आरपीएम (मिनिटाला फेरे). बाजूचं पॅनेल उघडल्यावर आतून चिकटवलेला वायरिंगचा नकाशा शाबूत निघाला. मशीनच्या निम्म्या किमतीचा ऐवज तोच.

देणारा म्हणाला, “करंट कमी-जास्त होतोय, मधनंच जातोय. कार्बोरेटर बघा, बाकी ओके आहे.” जुनं मशीन विकणारा प्रत्येक माणूस कार्बोरेटरच बघायला सांगतो.

आज फक्त उघडून पाहिलं, स्टार्ट केलं नाही. पंख्याच्या जाळीच्या आत कुंभारीण माशीची मातीची घरं, अंगठ्याएवढी, एकावर एक रचलेली. ती तशीच ठेवून इंजिन फिरवलं असतं तर माती थेट वायंडिंगवर गेली असती. स्क्रू ड्रायव्हरने फोडून ब्रशने बाहेर काढली. कंट्रोल बॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात उंदराने कापूस आणि चिंध्या आणून बिछाना केलेला. उंदीर आला म्हणजे वायर कुरतडलेली असणारच, फक्त कोणती ते शोधायचं. टाकीतलं पेट्रोल पावसाळ्याआधीचं, वास आंबूस.

5 डिसेंबर

इंधनाची बाजू आधी उरकली. टाकी रिकामी केली तर तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यात आपल्या उसाचंही असतं, तक्रार नाही. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि महिनोन्‌महिने पडून राहिलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतं. कार्बोरेटरची वाटी उघडली, आत पांढरी पूड. मेन जेट साफ होता, पायलट जेटमधून (मंद गतीचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) उजेडसुद्धा जात नव्हता. गिटारच्या बारीक तारेने मोकळा केला, हवेने फुंकला. पेट्रोलची नळी मऊ पडून फुगलेली, ती बदलली. फिल्टर, प्लग, ऑइल नवीन.

इंजिन लागलं. आधी चढ-उतार करत होतं, हूं-ऊं-हूं. पायलटचा स्क्रू थोडा मोकळा केल्यावर बसलं. वायंडिंगवाल्या अण्णांकडून टॅको (फेरे मोजायचं यंत्र) आणला होता, फ्लायव्हीलला चमकपट्टी लावून मोजलं: भाराशिवाय 3110. ठीक. गव्हर्नरवर (वेग राखणाऱ्या यंत्रणेवर) चालणाऱ्या इंजिनाला रिकाम्यात थोडं वरच ठेवतात, म्हणजे भार आल्यावर ते 3000 च्या आसपास येतं. गव्हर्नरच्या स्प्रिंगला हात लावला नाही.

आता आउटपुट. सॉकेटवर 3.4 व्होल्ट. वेल्डिंगच्या टर्मिनलवर एकाच्या आत. म्हणजे इंजिन फिरतंय, जनरेटर झोपलाय. देणाऱ्याच्या अंगणातही आधी असंच होतं, पण पाच मिनिटांनी जनरेटर आपोआप उठला होता. इथे उठलाच नाही.

6 डिसेंबर

नकाशा समोर ठेवून बसलो. या जातीच्या मशीनमध्ये रोटर म्हणजे फिरणारं विद्युत चुंबक. त्याला करंट दोन स्लिप रिंग आणि दोन कार्बन ब्रशमधून मिळतो. तो करंट स्टेटरमधल्याच (न फिरणाऱ्या भागातल्याच) एका लहान वायंडिंगमधून येतो, छोट्या ब्रिज रेक्टिफायरमधून डीसी होतो, पुढच्या गोल नॉबच्या रिओस्टॅटमधून (कमी-जास्त करता येणाऱ्या रोधातून) जातो आणि ब्रशला पोचतो. पण रोटरमध्ये चुंबकत्वच नसेल तर त्या वायंडिंगमध्ये काही तयार होत नाही, आणि तिथे काही तयार झालं नाही तर रोटरला चुंबकत्व येत नाही. ही गाठ सोडवायला सुरुवातीला बॅटरीतून एका डायोडमार्फत (करंट एकाच दिशेने सोडणारा भाग) रोटरला थोडा करंट देतात. एकदा व्होल्टेज उभा राहिला की डायोड बॅटरीला बाजूला ठेवतो. सॉकेटवरचे 3.4 व्होल्ट म्हणजे लोखंडात उरलेलं जुनं चुंबकत्व. कधी ते एवढं असतं की मशीन बॅटरीशिवायही उठतं, कधी नसतं. देणाऱ्याकडे उठलं, इथे नाही, याचं कारण हेच.

इंजिन बंद, चावी चालू, मीटर दोन ब्रशवर. बॅटरीपेक्षा थोडं कमी यायला हवं होतं. शून्य. डायोडच्या अलीकडे शून्य, चावीच्या स्विचवर 12.4. मधली निळी वायर. लूम (वायरींचा जुडगा) उलगडलं, आणि क्लॅम्पच्या मागे ती उंदराने अशी सोललेली की तांब्याचे तंतूही तुटलेले. बाजूच्या दोन वायरींनाही दात लागलेत. तिन्ही नव्या घातल्या, सोल्डर करून वरून स्लीव्ह. आता ब्रशवर 10.9.

नॉब पूर्ण फिरवून इंजिन लावलं. 238 व्होल्ट, 51.8 हर्ट्झ.

इथून पुढे टॅको परत. दोन पोलच्या रोटरला हर्ट्झला 60 ने गुणलं की आरपीएम मिळतो, आणि हर्ट्झ साध्या मल्टिमीटरवर दिसतात. मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय: व्होल्ट आणि हर्ट्झ दोन्ही पडले तर इंजिनाकडे जा. व्होल्ट पडले, हर्ट्झ जागेवर, तर इंजिनाला हात लावू नका. पोरांना हे समजलं की निम्मे उद्योग वाचतात.

7 डिसेंबर

भाराची परीक्षा. पाण्याच्या बादलीत 1500 वॉटची हीटर रॉड, सोबत 1000 ची इस्त्री. बादलीच्या आसपास कोणी जायचं नाही, पाण्यात हात तर नाहीच. पहिली दहा मिनिटं 222 व्होल्ट, 50.1 हर्ट्झ, छान. नंतर आकडा नाचायला लागला. 222, 190, 215, 160. शेजारी लावलेला जुना पिवळा बल्ब लुकलुकायला लागला. हेल्पर धावत कार्बोरेटरकडे गेला. त्याला थांबवून म्हटलं, “हर्ट्झ वाच.” म्हणाला, “पन्नास हाय.” “मग?” “मग इंजिन न्हाई.”

ब्रशचं झाकण उघडलं. दोन स्लिप रिंग तपकिरी-चकचकीत असायला हव्यात. एक तशीच होती, दुसरी काळी आणि तिच्यावर बारीक खाचा. त्या रिंगवरचा ब्रश होल्डरमध्ये बोटाने ढकलला तर आत गेला, परत आलाच नाही. कार्बनची पूड, तेलाचा अंश आणि द्राक्षबागेतली धूळ यांचा लेप होल्डरच्या आतून बसलेला. थंड असताना ब्रश टेकत होता. गरम झाल्यावर फुगून अडकत होता आणि रिंगपासून केसभर सुटत होता. स्प्रिंगही ढिली, तिचं एक वेटोळं निळं पडलेलं. तिथे ठिणग्या खेळून गेल्या असणार.

प्लग काढून इंजिन हाताने फिरतं केलं. रोटरच्या वायरी बाकी सर्किटपासून सोडवल्या. मीटर थेट रिंगवर: 25.4 ओहम, नकाशावर दिलेल्या आकड्याच्या जवळ. आता तेच ब्रशमधून मोजत रोटर हळू फिरवला: 26, 40, 31, 70. रोटर चांगला, संपर्क वाईट. रोटर भरायला (नवं वायंडिंग करायला) टाकला असता तर हजारो रुपये गेले असते आणि मशीन तसंच लुकलुकत राहिलं असतं.

रिंग बारीक सँडपेपरने घासल्या. एमरी कापड वापरायचं नाही, त्याचे कण वीजवाहक असतात आणि कार्बनमध्ये रुतून बसतात. होल्डर क्लीनरने धुतले. रिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला, 500 व्होल्टला अर्धा मेगाओहम. कमी आहे. आतली पूड हवेने काढली आणि रोटरशेजारी 100 वॉटचा बल्ब लावून झाकून ठेवलं.

8 डिसेंबर

मेगर 4 मेगाओहम. ओल होती, गेली. सांगलीतून ब्रश आणले. तंतोतंत मापाचे नव्हते, एक धारेने घासून घेतले, होल्डरमध्ये स्वतःच्या वजनाने खाली सरकतील एवढे. दोन्ही स्प्रिंग नव्या. बादली-इस्त्री पुन्हा लावली: तासभर 221 ते 223.

9 डिसेंबर

230 ची बाजू झाली, आता रॉड. 10 नंबरची 6013 (साध्या लोखंडाची वेल्डिंग रॉड) घेतली, प्लेटवर ओढली. आर्क लागतोय पण खरखरतोय, रॉड चिकटते, आणि आवाजच वेगळा. चांगल्या डीसीचा आवाज तेलात भजी सोडल्यासारखा सलग असतो, हा तुटक. टाका उंच, काठाला धरलेला नाही. हेल्परचं म्हणणं रॉड ओली. नवं पाकीट फोडलं, तेच.

मोकळा व्होल्टेज मोजला. पाटी सांगते 72, मीटर सांगतो 60. सॉकेटवर त्याच वेळी 238 व्होल्ट आणि 51.8 हर्ट्झ, म्हणजे वेग आणि चुंबक दोन्ही बरोबर. दोष वेल्डिंगच्या वायंडिंगनंतरच.

वेल्डिंगचं वायंडिंग तीन फेजचं, पुढे सहा स्टड डायोडचा (बोल्टसारख्या बुडाच्या) ब्रिज, मग चोक (करंट सपाट करणारी कॉइल). सहापैकी एक डायोड उघडा पडला तर सरासरी व्होल्टेज बरोबर एक षष्ठांश कमी होतो. 72 चे 60. आकडा इतका चोख जुळला की हसू आलं. खात्रीसाठी त्याच टर्मिनलवर मीटर एसीवर टाकला: 20 व्होल्ट. चांगल्या ब्रिजवर हा आकडा तीनच्या आसपास असतो. म्हणजे डीसीमध्ये प्रत्येक फेऱ्याला एक खड्डा पडतोय, सेकंदाला पन्नास वेळा, आणि आर्क प्रत्येक खड्ड्यात विझू बघतोय.

डायोड उघडा पडण्याऐवजी शॉर्ट झाला असता तर लक्षणं वेगळी असती. होल्डर लटकलेला असतानाही इंजिन कण्हलं असतं, स्टेटर घुमला असता आणि वायंडिंगमधून वास आला असता. तेव्हा लगेच चावी बंद करायची, मोजायला थांबायचं नाही.

प्रत्येक डायोडची वरची वेणी (विणलेली तार) सोडून डायोड रेंजवर तपासला. पाच जण एका दिशेने 0.45 च्या जवळ, दुसऱ्या दिशेने बंद. सहावा दोन्ही दिशांनी बंद. वेणी जिथे डोक्याला क्रिंप केलीय तिथे रंग उडालेला. बहुधा कोणीतरी नट ढिला ठेवला आणि डायोड तापून गेला.

10 डिसेंबर

डायोड कोल्हापुरात मिळाला. दुकानदाराने काउंटरवर ठेवला, दिसायला अगदी तोच, अँपिअर आणि व्होल्ट तेच. पण स्टड डायोडच्या दोन जाती असतात. एकात स्टड कॅथोड (करंट बाहेर पडायचं टोक), दुसऱ्यात स्टड अॅनोड (आत शिरायचं). ब्रिजच्या प्लस पट्टीवर पहिल्या जातीचे तीन, मायनस पट्टीवर दुसऱ्या जातीचे तीन. आपला गेलेला मायनस पट्टीवरचा, नंबराच्या शेवटी ‘आर’ असलेला. काउंटरवरचा ‘आर’ नसलेला. तो बसवला असता तर सुरू करताच फेज थेट शॉर्ट. दुकानातच मीटर लावून दाखवला, तेव्हा आतून दुसरा आला. उलट जातीचा डायोड घ्यायला जाताना मीटर खिशात ठेवावा, नंबर फक्त वाचून भागत नाही.

संध्याकाळी पट्टी चकचकीत घासून, हीट सिंकची पेस्ट अगदी पातळ लावून बसवला. नट आवळताना स्टडला पीळ बसू द्यायचा नाही; तांब्याचा असतो, आतला तुकडा तडकतो. बाकीचे पाच नटही तपासले, दोन ढिले होते.

71.5 व्होल्ट डीसी, एसीवर 3. 10 नंबरची रॉड 115 अँपिअरला शेवटपर्यंत न चिकटता जळली, खपली आपोआप उचलली गेली.

12 डिसेंबर

मशीन शेडवर नेलं. शेताचे मालक, तात्या, आधीच येऊन बसलेले.

“मिस्त्री, झालं का न्हाई तुमचं धूड?”

“झालं तात्या, आज रॅकला हात लावतो.”

“मग लावा. द्राक्षं काय तुमची वाट बघत न्हाईत.”

दुपारपर्यंत दोन तक्रारी आल्या, दोन्हींत बिघाड नव्हता. पहिली: “मशीन उठत न्हाई.” या मशीनला आपोआप मंद होणारी सोय आहे. भार नसेल तर काही सेकंदांनी इलेक्ट्रोमॅग्नेट थ्रॉटल ओढून धरतो. रॉड टेकवली की सर्किटमधून जाणारा करंट ओळखून सोडतो. पण अगदी लहान भार त्याला कळत नाही. पोरांनी फक्त मोबाइलचा चार्जर लावला होता. इंजिन मंदच, सॉकेटवर व्होल्टही कमी, हर्ट्झही कमी. चार्जर लावायचा तर मंद गतीचा स्विच बंद करायचा. मोबाइल सिंगल फेजवर लावा, असंही सांगितलं.

दुसरी तक्रार ग्राइंडरची: “चकती दमतीय.” मीटर लावला: 178 व्होल्ट, 51 हर्ट्झ. खडूचा नियम: इंजिनाला हात नाही. पातळ पाइपासाठी 12 नंबरची बारीक रॉड चालू होती म्हणून कोणीतरी करंटचा गोल नॉब निम्म्यावर आणलेला. तो नॉब रोटरचाच करंट कमी करतो, त्यामुळे सॉकेटचे व्होल्टही त्याच्यासोबत उतरतात. ग्राइंडर चालवायचा तर नॉब पूर्ण, आणि रॉडचा करंट रेंजच्या स्विचने कमी करायचा. पॅनेलवर मार्करने लिहून ठेवलं.

मशीन शेडच्या बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवलंय. शेड तिन्ही बाजूंनी जाळीने झाकलेलं, आत इंजिन लावलं तर धूर कोंडेल, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यासाठी केबल लांब लागते. 35 चौरस मिलिमीटर तांब्याची, जायची 30 मीटर, यायची 30 मीटर. 120 अँपिअरला साडेतीन व्होल्टच्या आसपास पडतात, चालतंय. अॅल्युमिनियमची घेतली असती तर जास्त जाडीची घ्यावी लागली असती.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपांवर जोडाच्या दोन्ही बाजूंनी जस्त घासून काढायला लावतो. पोरं कंटाळतात. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, हे ज्याला एकदा आलंय तो न सांगता घासतो.

14 डिसेंबर

चाळीसेक मिनिटं सलग चालल्यावर आर्क अशक्त झाला, ग्राइंडर घोगरा, मग इंजिन बंद. पुन्हा लावलं, लागलं, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. यावेळी हेल्परने मीटर आधीच लावून ठेवला होता. “व्होल्ट बी पडलं, हर्ट्झ बी पडलं. सेहेचाळीस.”

तर इंजिन. पेट्रोल भरपूर. टाकीचं झाकण फिरवलं आणि ‘फुस्स’ आवाज आला. झाकणाच्या आतली हवेची भोकं धुळीने बंद. पेट्रोल उतरत जातं, वरून हवा येत नाही, टाकीत पोकळी धरते आणि कार्बोरेटरकडे धार आटते. झाकण उघडून पुन्हा लावलं की काही वेळ चालतं, म्हणून माणूस फसतो. वर्कशॉपमध्ये तासभर चाचणीत हे दिसलं नाही, कारण तिथे टाकीजवळ धूळ नव्हती. इथे शेजारच्या रस्त्यावरून ट्रॅक्टर दिवसभर फुफाटा उडवतात. झाकण रॉकेलमध्ये धुतलं, वरून सैल कापडी टोपी शिवून घातली.

17 डिसेंबर

दोन ओळींचे अँगल उभे, पाच थरांपर्यंत रॅक जोडले. मशीन तापतं पण हात लावता येतो. ड्युटी 60 टक्के म्हणजे 200 अँपिअरला दहा मिनिटांत सहा मिनिटं आर्क. आम्ही 120 च्या वर जातच नाही, तेव्हा त्याला अंगावर येत नाही.

गरम असताना रोटर पुन्हा मोजला: 30 ओहम. थंडीत 25.4 होता. तांबं तापलं की रोध वाढतो, साधारण अंशाला 0.4 टक्के. हिशेब केला तर रोटर जवळपास 45 अंशांनी तापलाय. नॉब तसाच ठेवूनही दुपारी सॉकेटचे व्होल्ट सकाळपेक्षा थोडे कमी दिसतात ते यामुळे. दोष नाही.

19 डिसेंबर

ब्रश उघडून पाहिले. दोन्ही रिंगांवर तपकिरी पातळ थर धरायला लागलाय, तो पुसायचा नाही. ब्रशचा एक जास्तीचा जोड डब्यात ठेवला.

राहिलेलं काम: सायलेन्सरचं गॅस्केट फुंकतंय, नटांभोवती काजळी दिसते. बॅटरीचा एक टर्मिनल पांढरा पडतोय, साफ करून ग्रीस लावायचंय. टाकीला नवीन झाकण. काम संपल्यावर पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवायचं आणि टाकी रिकामी ठेवायची. शेडमध्ये ठेवायचं झालं तर कंट्रोल बॉक्सच्या फटींना जाळी.

तात्यांनी विचारलं, हे जनरेटर पंपाला चालेल का. सिंगल फेजच्या अर्ध्या एचपीच्या मोटरला चालेल, पण सुरू होताना मोटर चालू करंटाच्या कितीतरी पट ओढते, तेव्हा वेल्डिंग आणि पंप एकाच वेळी नको. विहिरीवरच्या पाच एचपीच्या थ्री फेजला अजिबात नाही, सॉकेटवर थ्री फेज येतच नाही. त्यांना पटलं की नाही कळलं नाही. उद्या विहिरीकडची केबल किती लांब आहे ते मोजून ठेवा म्हणालेत.